धाकटी वर आहे

चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला दर तीन दिवसांनी किल्ली द्यावी लागते. पायऱ्या एकशे अठरा. बाबांचे गुडघे गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या पायऱ्या धाकटी चढते. नोंदवहीत मात्र बाबा थोरल्याचं नाव लिहीत आले. का, तर तसं बरं दिसतं. थोरल्याने ते घड्याळ खालूनच पाहिलेलं, तेही उशीर झाला की.

यंदा बाबांच्या जागी कायमचा माणूस नेमायचं ठरलं. पगार नावापुरता, पण कामासोबत मनोऱ्याच्या पायथ्याची खोली मिळणार होती. धाकटीचा जीव त्या खोलीत अडकला होता. सत्तेचाळीस वर्षं ती स्वयंपाकघरात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत झोपत आली होती. तिला आतून कडी लागणारं एक दार हवं होतं, बाकी काही नाही.

पाळक घरी आले तो नेमका किल्लीचा दिवस. बाबांनी तिन्ही मुलगे इस्त्रीच्या शर्टांत ओळीने उभे केले. थोरला उंचापुरा, आवाज भारदस्त. मधला बोलका. तिसरा निदान उभा होता. पाळकांनी विचारलं, एवढेच का?

बाबांनी जरा आठवून पाहिलं. "एक धाकटी आहे. पण ती वर आहे, घड्याळाला किल्ली देतेय."

"असू दे, कामात आहे तर कशाला बोलावता," म्हणत पाळकांनी थोरल्याचा हात हातात घेतला. गेल्याच रविवारी त्यांनी मेंढरांमागे राहिलेल्या धाकट्या मुलाची जुनी गोष्ट सांगितली होती. बाप थोरल्यांना एकेक करून पुढे करतो, आणि देवाचा माणूस अडून बसतो की धाकटा आल्याशिवाय पंगत बसायची नाही. चांगली तासभर सांगितली होती. इथे चहा आधीच पिऊन झाला होता.

धाकटी हात पुसत आली तेव्हा मधल्याने थोरल्याच्या नेमणुकीची बातमी दिली. तिने रिकामे कप गोळा केले. रडायलाही कुठेतरी बसावं लागतं, आणि खुर्च्या शर्टवाल्यांनी अडवल्या होत्या.

थोरला पहिल्या खेपेला पासष्टाव्या पायरीवर बसला, दुसऱ्या खेपेला चाळिसाव्या. तिसऱ्या खेपेला तो स्वयंपाकघरात आला. छातीत धडधडतं म्हणाला, बायको ओरडते म्हणाला, शेवटी मुद्द्यावर आला. "तू जात जा गं. वहीत सही मी करीन. पूर्वीसारखंच."

"सही तू कर, दादा. पगारही घे. खोली मला."

"खोलीत मी सायकली ठेवणार होतो."

"मग सायकलींना वर पाठव."

त्याने खोलीची चावी काढून दिली. दुसरीही दे, ती म्हणाली. दुसरी कुठाय ते मला काय ठाऊक, असं म्हणून त्याने ती खिशातूनच काढली.

दुपारी तिने गादी हलवली. वाटेत पाळक भेटले. भावाला हातभार लावतेस, छान, म्हणाले. ती हो म्हणाली. समजावून सांगायला लागणारा जोम पायऱ्यांवर खर्च झाला होता. दारावर थोरल्याच्या नावाची पाटी आधीच लागली होती. तिने आतून कडी घातली आणि आडवी झाली. थोड्या वेळाने दार वाजलं. बाबांचा चहा कोण करणार, असं तिसरा बाहेरून विचारत होता.

तिने कूस बदलली.