तिन्ही कागदांवर चार फूट

बदलापूरला शिरगावात काम निघालं तरी मी त्या एका गल्लीतून जात नाही. वळसा घालतो. मला तिथे कुणी अडवणार नाही, कुणी शिवीही देणार नाही. तिथल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, ते फार तर मान हलवतील. तेवढंही मला नको असतं.

इमारतींच्या पार्किंगमध्ये आणि तळघरात पावसाचं पाणी साचतं. ते एका खड्ड्यात, म्हणजे सम्पमध्ये, गोळा करून पंपाने बाहेर टाकायचं, हा माझा धंदा. भांडवल मला कुणी दिलं नाही. उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या पंपाच्या दुकानात बारा वर्षं काउंटरमागे उभा होतो. भाव कुठे ताणायचा, कधी रागावून उठायचं आणि पायरी उतरल्यावर कसं परत फिरायचं, हे तिथे शिकलो. शेठ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "लिखने का नहीं. लिखेगा तो कस्टमर पकड़ेगा." मी मनात हसायचो. आपण धंदा काढू तेव्हा सगळं कागदावर देऊ, असं ठरवलं होतं.

आणि दिलंही. अंबरनाथ पश्चिमेला दुकान टाकल्यावर एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या कामाची विचारणा आली. मी चार पानांचं कोटेशन लिहिलं. खड्डा केवढा, पंप कुठला, पाइप कुठून जाणार, उलटं पाणी येऊ नये म्हणून काय बसवणार, कुठलं काम आमचं आणि कुठलं सोसायटीचं. सोबत हाताने काढलेलं ड्रॉइंग. कमिटीवाल्यांनी फार कौतुक केलं. दोन महिन्यांनी तिथून जाताना आत डोकावलो तर काम चालू होतं. दुसऱ्याच कंत्राटदाराचं. भिंतीला चिकटपट्टीने माझं ड्रॉइंग लावलं होतं, माझ्या अक्षरातल्या मापांसकट. वर असलेलं माझ्या दुकानाचं नाव तेवढं कापलं होतं.

त्या दिवशी मी वॉचमनच्या टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, आणि शेवटी मलाच गेटबाहेर काढलं. तो राग अजून माझ्याकडे आहे. मी तो बरीच वर्षं जपला, आणि त्याच्या नावावर पुढे बरंच काही केलं.

त्यानंतर माझं कोटेशन एका ओळीचं झालं. "सम्प पंप पुरवून, बसवून, चालू करून देणे." खाली आकडा आणि सही. कुणी जास्त विचारलं की मी म्हणायचो, "काम बघा, कागद काय चाटायचाय?"

शिरगावच्या इमारतीचे सेक्रेटरी माझ्या दुकानात आले तेव्हा मी हेच केलं. बासष्ट-त्रेसष्ट वय, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि पेन्सिल दोन्ही. आनंदनगरच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करून निवृत्त झालेले. त्यांच्या इमारतीचं पार्किंग रस्त्यापेक्षा दोन फूट खाली, आणि विजेच्या मीटरची खोलीही तिथेच. दर पावसाळ्यात पाणी त्या खोलीच्या उंबऱ्याला लागायचं. मी जाऊन खड्डा बघितला, टेप सोडली, चार फूट लिहून घेतले. तळाशी गाळ होता. टेप त्याच्यावर टेकली हे मला कळलं होतं. गाळ काढून मापायला अर्धा दिवस गेला असता.

माझी एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. खिशातली पेन्सिल काढली, कागदावर धरली, आणि पुन्हा खिशात ठेवली.

"दादा, यात खूण करायला काहीच नाही हो."

"कसली खूण?"

"सवय आहे. एकेक गोष्ट वाचायची, पटली की बरोबरची खूण करायची. आता मला सांगा, पाणी कुठे सोडणार? भर पावसात लाइट गेली तर पंप कशावर चालणार?"

"चालेल ओ काका. बारा गावचं पाणी उपसलंय मी."

"चालेल तर लिहा ना. मला वर लोकांना सांगायचं असतं."

माझं डोकं सणकलं. "सगळं सविस्तर लिहून घ्यायचं आणि दुसऱ्याला दाखवून स्वस्तात करायचं, असंच ना? माहितीयेत मला सोसायट्या."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी नाही दाखवणार. पण बरं, खड्ड्याचं माप तरी टाका." मी खोली चार फूट असं टाकलं. मग म्हणाले, "नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. अजून दोघांना कुठे शोधू?"

"मी पाठवतो दोघांना. तुम्ही कशाला वणवण करता?"

आमच्या लाइनीत हे सगळे करतात. दोन दोस्तांचे कोरे लेटरहेड माझ्या ड्रॉवरमध्ये कायम असायचे, माझे त्यांच्याकडे. मी तीच ओळ जरा फिरवून लिहिली, आकडे चढवले, माप तेच टाकलं. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "अहो, ते दोघे माप घ्यायला आलेच नाहीत. मी घरीच थांबलोय."

"येऊन गेले की. तुम्ही बाजारात गेला असाल."

"असेल," ते म्हणाले. माणूस दोन दिवस घरातून हललाही नसेल, पण माझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणून त्याने स्वतःच्या आठवणीवर शंका घेतली. हा "असेल" मला पुढे फार छळणार होता. तेव्हा मात्र मी फोन ठेवून चहा मागवला.

काम मिळालं. पंप बसला, जूनभर चाललाही. जुलैत पाऊस सलग तीन दिवस कोसळला तेव्हा गल्लीत पाणी भरलं आणि धोका नको म्हणून वीज कंपनीने सगळ्या भागाची लाइट काढली. पंपही बंद पडला. सकाळपर्यंत मीटरची खोली छातीइतक्या पाण्यात होती. कुणाच्या जिवाला काही झालं नाही, पण चौथ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना डॉक्टरकडे न्यायला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावं लागलं. इमारत पाच दिवस अंधारात राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्येच मीटिंग ठेवली होती. मलाही बोलावलं. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ तशीच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एक मॅडम उभ्या राहिल्या, बँकेत नोकरीला आहेत. त्यांच्या हातात तीन कागद होते.

"पूर ओसरल्यावर खड्डा साफ केला," त्या म्हणाल्या. "खोली निघाली साडेपाच फूट. आणि इथे बघा. तीन वेगळे कंत्राटदार, तिघांनीही चार फूट लिहिलंय. तिघांची टेप गाळावरच टेकली? काका, तुम्ही तर तपासणीत होतात ना कंपनीत? तुम्हाला खटकलं नाही?"

काका म्हणाले, "मला वाटलं, तिघांनी मोजलं आणि तेच आलं, म्हणजे बरोबर असेल."

मागून कुणीतरी हसलं. "तिन्ही कागद घरी बसूनच बनवलेत. बोला काका, तुमचा कट किती?"

"ए, नीट बोल," दुसरा कुणी म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं होतं, असं मला वाटतं. ते दोघे कधी आलेच नव्हते हे त्यांना त्याच क्षणी कळलं. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं की तिन्ही कागद माझे आहेत, या माणसाला यातलं काही माहीत नाही. माझ्या मनात मात्र दोन्ही दोस्तांचे लेटरहेड आले, बाजारात काय बोलतील ते आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या त्या ड्रॉइंगवरची चिकटपट्टीही आली. सोसायटीवाल्यांचं वाईट होतंय तर होऊ दे, असं काहीतरी.

मी म्हणालो, "मला फक्त माझ्या कागदाचं माहीत. त्यात लिहिलंय तेवढं मी केलंय."

कायद्याने ते खरंही होतं. त्या एका ओळीत मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

काकांनी तिथेच राजीनामा सांगितला. स्वतःची बाजू मांडली नाही. मी स्कूटर काढत होतो तेव्हा ते जवळून गेले आणि म्हणाले, "गेटपाशी चिखल आहे, सांभाळून जा."

त्यानंतर मी कुणाशीही भांडलो नाही. घरच्यांना वाटलं तब्येत बिघडली. बिल फाडताना, टेप सोडताना माझ्या कानात "असेल" यायचं. दोस्तांचे लेटरहेड मी परत केले. एकाने विचारलं, "काय रे, साधू झाला काय?" बोलायचं होतं ते दुसरीकडे, आणि तिथे जायची हिंमत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात ऐकलं की शिरगावची ती सोसायटी नव्याने कोटेशनं मागवतेय. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी बसलो आणि तीन संध्याकाळ लिहिलं. आधी खड्ड्याचं साडेपाच फूट. मग दोन पंप, एक नेहमीचा आणि एक लाइट गेल्यावर बॅटरीवर आपोआप चालू होणारा. बॅटरी जमिनीवर नको, छातीच्या वर, स्टँडवर. पाणी सोसायटीच्या गटारात सोडायचं नाही, ते भरलं की उलटं येतं; पाइप पलीकडच्या मोठ्या नाल्यापर्यंत न्यायचा. काय आमच्याकडे, काय सोसायटीकडे. दर सहा महिन्यांनी गाळ कुणी काढायचा. सोबत ड्रॉइंगही. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून येत होतं.

ते घेऊन आधी पहिल्या मजल्यावर काकांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. ओळखलं त्यांनी. आत बोलावलं, पाणी दिलं, आणि ग्लास ठेवता ठेवता म्हणाल्या, "बुद्ध विहाराच्या समितीतूनही नाव काढून घेतलं त्यांनी. अठरा वर्षं बघत होते तिथलं. म्हणाले, ज्याच्याबद्दल लोक विचारतात त्याने देणगीला हात लावू नये."

काका बाहेर आले. मी पानं पुढे केली. पहिल्या पानावर, सगळ्याच्या वर, मी माफीचं लिहिलं होतं: मागील कामात काही त्रुटी राहिल्या व त्यामुळे सोसायटीस त्रास झाला, याचं वाईट वाटतं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "कुठल्या त्रुटी?"

"त्या... आपल्याला माहितीच आहेत काका."

"मला माहितीयेत. वर कुणाला माहितीयेत? कुणी ठेवल्या, का ठेवल्या, यात काहीच नाही." पान त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "हे तुमच्या त्या एका ओळीसारखंच झालं."

मी त्यांच्याच टेबलावर बसून पुन्हा लिहिलं. तिन्ही कोटेशनं मी लिहिली. बाकीचे दोघे कधी आलेच नाहीत. सेक्रेटरींना मी खोटं सांगितलं. लाइट गेली तर काय, हे त्यांनी विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही. मीटिंगमध्ये मी गप्प बसलो. सहा-सात ओळी. चार पानी कोटेशन लिहितानाही माझा हात असा जड झाला नव्हता.

"हे मी नाही वर देणार," काका म्हणाले. "रविवारी तुम्ही वाचा."

वाचलं. त्याच पार्किंगमध्ये, त्याच रेघेखाली. संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "हे त्या दिवशी बोलायला काय झालं होतं?" त्या काकांकडे वळल्या, नुसतं "काका" म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "बाकीची पानं तुम्हीच तपासा. तुम्ही म्हणाल तर पुढे जाऊ." जो हसला होता त्याने काकांना खुर्ची दिली. सेक्रेटरीपद मात्र त्यांनी परत घेतलं नाही. विहाराचंही विचारायला लोक आले होते म्हणे, त्यांना त्यांनी नंतर बघू म्हणून सांगितलं.

काम मला मिळालं नाही, दुसऱ्याला दिलं. माझीच पानं देऊन. राग आला, खोटं कशाला बोलू. पण या वेळी खाली मीच लिहिलं होतं की हे कुणालाही दाखवावं.

मेच्या शेवटी त्या नव्या कंत्राटदाराचा फोन आला. "शेठ, ते शिरगावचं ड्रॉइंग तुमचंच ना? बॅटरीचं स्टँड मीटरच्या खोलीच्या दाराच्या कुठल्या बाजूला? खड्ड्याकडच्या की जिन्याकडच्या?"

"जिन्याकडच्या. खड्ड्याकडे ओल येते."

"हां, बरोबर. एकदम साफ लिहिलंय हां तुम्ही. आणि कुणीतरी पेन्सिलने प्रत्येक आयटमपुढे टिक पण केलंय."

मी विचारलं, "पहिल्या पानावर वरती सहा-सात ओळी आहेत. त्यांच्यापुढे आहे का?"

कागद उलटल्याचा आवाज आला.

"नाही शेठ. तिथे काही नाही. का, काही राहिलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "स्टँड छातीच्या वर घे. मोजून घे, आणि आधी खालचा गाळ काढ."