ठेवायचं की वागवायचं

मी पत्रकं लिहितो. सालदारांची मजुरी, रेशनची साखर, सार्वजनिक विहिरीचं गढूळ पाणी, जे दिसेल त्यावर लिहितो आणि बाजारात उभा राहून वाटतो. पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते. पहिल्या ओळीत आरोपी उभा करायचा, शेवटच्या ओळीत त्याला जाब विचारायचा आणि मधे शंकेला जागा ठेवायची नाही, कारण कागद तेवढाच असतो. आज कागद भरपूर आहे आणि आरोपी मी आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावंही नाहीत. ज्याच्यावर हे सगळं बेतलं त्याने त्याच अटीवर हे लिहू दिलं आहे.

तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहिणीला आम्ही बाई म्हणतो, त्यांना भाऊजी. केनवडपासून आत, गाडीवाटेनं तासाभरावर त्यांचं गाव आहे आणि ते तिथले पोलीस पाटील आहेत. पाटील म्हटलं की मिशा आणि दरारा डोळ्यांपुढे येतो. भाऊजींना दोन्ही नाहीत. हाडकुळा माणूस, गुडघ्याखाली धोतर, अंगात बंडी, बंडीच्या आतल्या खिशात पानाची चंची.

एका माघात ज्वारीच्या खळ्यावर त्यांच्या गावच्या मोठ्या मळ्याच्या मालकानं आपल्या सालदाराला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, मारलं. दुपारची वेळ होती. मारता मारता सालदार मेला. भाऊजी बांधावरून येत होते, त्यांनी पाहिलं. आणखीही लोकांनी पाहिलं असणार, पण विचारायला गेलं की प्रत्येक जण त्या दुपारी कुठल्या ना कुठल्या लग्नाला गेलेला निघे. मी भाऊजींच्या ओसरीवर तीन दिवस ठाण मांडलं. "तुमी नाई बोललात तर कोन बोलन?" हेच एक वाक्य मी त्यांना उलटसुलट ऐकवलं. चौथ्या दिवशी त्यांनी पोलिसांत जबाब दिला. मी खूश झालो. त्यावर पत्रकही काढलं.

मग धमक्या सुरू झाल्या. रात्रीतून कडब्याची गंजी पेटली. गोठ्याच्या दारात कुणी कुऱ्हाड रोवून गेलं. भाऊजींनी अर्ज केला, चौकशी झाली आणि आषाढात पिस्तुलाचं लायसन आलं. आता खरेदीला अकोल्याला जायचं होतं आणि त्यांना सोबत इंग्रजी वाचणारा हवा होता. मी याआधी 'बंदुका कोणासाठी?' या मथळ्याखाली लायसनवाल्यांची टर उडवली होती. बाईनं ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

"आता जाशीन ना सोबत, का तुह्या पत्रकाले इचारून येतं?" तिनं विचारलं.

"जातो न."

"जाय. आन एखादं पत्रक ठेवून जाय. पापड वाळू घालाले कागद पायजे."

दुकान अकोल्यात होतं. मालक म्हातारा बोहरी, सोनेरी काठाची टोपी, हात सोनाराचे असावेत तसे नाजूक. त्यानं बत्तीस बोरची दोन पिस्तुलं काचेवर मऊ कापड पसरून ठेवली. पाहायला जुळी. नळी आणि वरचा सरकता भाग दोन्हींत पोलादाचाच. फरक खालच्या सांगाड्यात होता, ज्याला मूठ असते त्या भागात. एकाचा सांगाडा पोलादी, दुसऱ्याचा अॅल्युमिनियमच्या मिश्र धातूचा. सोबतच्या छापील कागदावर इंग्रजीत तसं लिहिलं होतं, ते मी वाचून दाखवलं.

भाऊजींनी आधी पोलादी उचललं. मग दुसरं उचललं आणि हातातल्या हातात झेललं. "अरे, हे तं काहीच नाई," ते म्हणाले. त्यांनी ते बंडीच्या आतल्या खिशात घालून पाहिलं, चंचीशेजारी. बंडी होती तशीच राहिली. दोन पावलं चालले, वाकले, सरळ झाले. माघापासून त्यांच्या कपाळावर एक आठी बसली होती, ती त्या घडीला मला दिसली नाही. हे मी नंतर आठवून लिहीत नाही. मी तेव्हाच पाहिलं होतं.

आणि तरी मी तोंड उघडलं.

कारण सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी मी 'पितळ गेले, जर्मल आले!' हे पत्रक मंगरूळपीरच्या बाजारात वाटलं होतं. व्यापारी गरिबांच्या घरातली पितळेची भांडी मोडीत घेतात आणि बदल्यात अॅल्युमिनियमची पातेली गळ्यात मारतात, ती दोन वर्षांत चेपतात, असा मजकूर होता. खराच होता. आमच्याकडे त्या पातेल्यांना जर्मल म्हणतात. पत्रक गाजलं होतं, आणि गाजलेल्या पत्रकासारखी वाईट नशा नाही. अॅल्युमिनियम हा शब्द वाचला आणि माझं भाषण आपोआप सुरू झालं.

"भाऊजी, हे जर्मल हाय. वरणाचं पातेलं. एका आपटीत चेपन. लोखंड ते लोखंड. आपल्या वखराची पास कायची असते? पोलादाची. तुमच्या नातवालेही कामी येईन."

म्हातारा हसला. "साहब, पातेल्याची ती धातू निराळी, ही निराळी. यात दुसरं मिसळून कडक केलेली आहे. चेपणार नाही." मग त्यानं दोन्ही बाजू नीट मांडल्या, विकायची घाई नसल्यासारख्या. पोलादी जास्त टिकतं, हे खरं. उडवताना धक्का कमी बसतो, हेही खरं. रोज नेम धरायचा असेल तर पोलादीच घ्यावं. "लेकिन पाटीलसाहेब, एक बात सांगा. तुम्हाला हे घरात ठेवायचं आहे, की अंगावर वागवायचं आहे? ठेवायचं तर पोलाद. वागवायचं तर हे हलकं. दिवसभर अंगावर असेल तेच कामाचं."

प्रश्न भाऊजींना विचारला होता. उत्तर मी दिलं.

"पाटील हाय ते. एवढं वजन पेलत नाई काय त्याईले?"

यावर कोणता पुरुष काय बोलणार? भाऊजींनी खिशातून हलकं पिस्तूल काढलं, कापडावर ठेवलं आणि म्हणाले, "साळेबुवा म्हंते तेच द्या."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. पँटला पट्टा लावणारा मी, आणि ज्याच्या कमरेला पट्टाच नाही, धोतराची नुसती गाठ आहे, त्याच्यासाठी लोखंड पसंत करत होतो. ते कुठे अडकवायचं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. म्हाताऱ्याच्या आलं असावं. त्यानं बिल फाडलं.

नागपंचमीपासून भाऊजी ते अंगावर वागवू लागले. पहिल्याच आठवड्यात बंडीचा खिसा उसवला. बाईनं आतून जुन्या गोणपाटाचा दुहेरी खिसा शिवला. मग खिसा टिकला पण बंडी एका बाजूला लोंबू लागली, मानेला शिवण काचायची. वाकून निंदण पाहायला गेलं की पिस्तूल पुढे येऊन फासळीवर आदळायचं. गावातली माणसं लोंबत्या बाजूकडे बघून विचारायची, "पाटील, खिशात वरवंटा घेऊन फिरता काय?" भाऊजी हसायचे. हे सगळं मला बाईनं सांगितलं, पण केव्हा? सगळं झाल्यावर.

दिवाळीनंतर त्यांनी ते गोधड्यांच्या पेटीत ठेवायला सुरुवात केली. आधी फक्त शेतात जाताना. मग रोजच.

मार्गशीर्षात वाशीमच्या कोर्टात साक्षीची तारीख लागली. मी सकाळपासून कोर्टाच्या लिंबाखाली उभा होतो. भाऊजी उशिरा आले. माझ्याकडे पाहिलं नाही. पिंजऱ्यात उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "म्या काही पाह्यलं नाई. पोलिसाईनं काय लिवलं मले मालूम नाई."

मळेवाला सुटला. सालदाराची बायको तिथेच भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नाही. तिनं फक्त पदर आवळून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, कारण भाऊजी बोलतील असा शब्द तिला मी दिला होता.

मी भाऊजींना शोधलंही नाही. तडक छापखाना गाठला. कंपोझिटरच्या शेजारी उभा राहून एकेक ओळ सांगितली, तो खिळे जुळवत गेला. मथळा: 'शेपूट घालणारा पाटील'. नाव टाकलं नव्हतं, पण गाव टाकलं होतं, आणि एका गावात पाटील किती असतात? साक्ष किती एकरांना विकली, असा प्रश्न मी शेवटच्या ओळीत विचारला. केनवडच्या बाजारात ते मी स्वतःच्या हातानं वाटलं. लोकांनी ते मिटक्या मारत वाचलं.

चार दिवसांनी बाईचा निरोप आला: ये. गेलो. तयारीनंच गेलो होतो, भांडायचं म्हणून. भाऊजी शेतात होते. बाईनं मला पाणीसुद्धा दिलं नाही. गोधड्यांची पेटी उघडली, पिस्तूल काढून माझ्यापुढे ठेवलं आणि शेजारी ती बंडी टाकली. गोणपाटाचा खिसा, मानेजवळ झिजलेली शिवण.

"तारखेच्या दिशी हे घरी होतं," ती म्हणाली. "आन तुरीत चौघं बसले होते."

दिवसाउजेडी, गाडीवाटेवर, दोन्ही बाजूंना डोक्याएवढ्या तुरी. त्यांनी गाडी थांबवली, भाऊजींना खाली बसवलं आणि एक बिडी ओढून होईपर्यंत मानेवर कुऱ्हाडीचं पातं टेकवून ठेवलं. कोर्टात काय बोलायचं ते सांगितलं. नाही बोललास तर गोठ्याऐवजी घर, आणि घरात बाई असते, हेही सांगितलं. मग गाडी सोडून दिली.

भाऊजी संध्याकाळी आले. मी उठून उभा राहिलो.

"बस न," ते म्हणाले. "वाचलं म्या तुहं पत्रक. अक्षर चांगलं हाय या खेपीचं."

"भाऊजी, मी उद्याच दुसरं काढतो. सगळं खरं लिहितो. तुमची माफी..."

"काही काढू नोको. ते चौघं वाचतीन ना लेका, मंग पुन्हा तुरीत बसतीन. लोकं इसरतीन थोड्या दिवसानं." त्यांनी चंची सोडली, सुपारी कातरली. "एक सांगू? त्याईनं आंधी माही बंडी चाचपली. त्याईले मालूम होतं मी बंडीत पिस्तूल ठेवतो म्हणून. खिशात निंगाली ही चंची. तवा हासले ते. पिस्तूल असतं तं काय झालं असतं, मले नाई सांगता येत. कदाचित मेलोही असतो. पर ते हासणं..." अडकित्ता चालत राहिला.

बाई आतून म्हणाली, "सांगा न त्याले, हलकं काहून नाई घेतलं ते."

"जाऊ दे व."

मळेवाला आजही मळ्यात आहे. त्याच्याविरुद्ध मी आजवर किती पत्रकं काढली, त्यात मला कधी संकोच वाटला नाही. पण खुनाचा खटला ज्या एका माणसावर उभा होता, त्याला मी ओसरीवर बसून बोलायला लावलं, दुकानात त्याच्या तोंडचं उत्तर हिरावलं आणि बाजारात त्याला भित्रा ठरवलं. तिन्ही वेळा मला वाटलं, मी अन्यायाशी लढतोय. सालदाराची बायको पुढच्या पेरणीला मेडशीकडे भावाकडे गेली असं ऐकलं. मी तिला भेटायला गेलेलो नाही. जायला हवं होतं.

यंदाच्या दसऱ्याला भाऊजींनी बोलावलं. अंगणात पाट मांडला होता. त्यावर विळे, कुऱ्हाड, वखराची पास, बाईची कात्री, आणि मधे हळदकुंकू लावलेलं पिस्तूल. तेलपाणी केल्यामुळे नवंकोरं दिसत होतं. भाऊजी म्हणाले, "पाय, एक डाग नाई. टिकते म्हणला होता तू. टिकलं."

ते टोमण्यानं म्हणाले नाहीत. टोमणा असता तर मला सोसला असता.

मी म्हणालो, "भाऊजी, ती बंडी कुठं हाय?"

"कायले?"

"घालून पाहतो."

"लायसन माह्या नावाचं हाय, अंगणाभाईर जाऊ नोको."

बाईनं बंडी आणून दिली. भाऊजींनी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि स्वतःच्या हातानं माझ्या खिशात घातलं. मी तुळशीपासून गोठ्यापर्यंत आणि परत चालू लागलो. बंडी एका अंगाला ओढली गेली. दर पावलाला लोखंड फासळीवर येत होतं. भाऊजी ओट्यावर बसून सोनं वाटायला आपट्याची पानं निवडत होते, बघत नव्हते. आठव्या फेरीला मान काचायला लागली. दहाव्या फेरीला ते काढून टाकावंसं वाटलं.

ते नागपंचमीपासून दिवाळीपर्यंत वागवत होते. मी चालत राहिलो.