थंड गाडीतलं गरम बेअरिंग

मी देवाला हात जोडतो ते बायको शेजारी उभी असते म्हणून. बाकी चाळीस वर्षं मोटारींखाली काढली. आवाज येतो म्हणजे काहीतरी झिजलंय, गरम लागतं म्हणजे काहीतरी घासतंय... एवढ्यावरच माझा विश्वास. या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. तरी हे लिहितोय, कारण तिथे जे सगळे होते त्यांतला आता मीच उरलोय.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मुलुंडला आग्रा रोडवर पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज होतं, तिथे मी फिटर होतो. वय तेवीस, टेक्निकलचा कोर्स केलेला. आणि तोच माझा गुन्हा. तिथले मिस्त्री मालवणकडचे, हाताने शिकलेले. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला पाण्यात पाहिलं. माझे पाने लपवायचे, मी बसवलेलं चाक सगळ्यांसमोर परत खोलायला लावायचे. मीही कमी नव्हतो, उलट बोलायचो.

मुलुंडच्याच एका डॉक्टरांची पेशंट आणायची व्हॅन आली. मागच्या डाव्या चाकाचं ऑइल सील गेलेलं. सील गेलं की आतलं तेल ब्रेकवर झिरपतं आणि ब्रेक धरत नाही. सील बदलायचं तर ॲक्सल ओढून बेअरिंगही उतरवावं लागतं. मग नेहमीचा वाद : उतरवलंच आहे तर नवं घालायचं, की जुनंच परत बसवायचं?

सील यायला दोन दिवस लागले. तोवर गाडी शेडमध्ये जॅकवर उभी, चाक कोणी फिरवलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ॲक्सल काढला, पुलरने ओढून बेअरिंग उतरवलं, हातात घेतलं... आणि तसंच खाली टाकलं. चुलीवरच्या तव्याला हात लागावा तसं झालं.

ॲक्सल थंड होता. पुलर थंड होता. उन्हाचा तर प्रश्नच नव्हता. मी चिंधीने उचलून ते रॉकेलच्या डब्यात टाकलं, चांगलं धुतलं. रॉकेल गार, बेअरिंग मात्र तेवढंच गरम. मग उजेडात धरून पाहिलं. गोळ्या गुळगुळीत, एक खड्डा नाही, हलवून पाहिलं तर जराही ढिलं नाही. पुस्तकाप्रमाणे म्हणाल तर उत्तम बेअरिंग.

मी मिस्त्रींना म्हणालो, "हे नको घालूया. नवं घालू."

"कित्याक? काय झाला तेका?"

"हात लावून बघा."

शेडमधले चार जण काम थांबवून बघायला लागले. मिस्त्रींना वाटलं, मी त्यांची परीक्षा घेतोय. "तू माका शिकवतलंस?" असं म्हणून त्यांनी बेअरिंग उचललं आणि सरळ मुठीत आवळलं. माझ्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहिले. कपाळावर घाम फुटला, जबड्याची शीर उडायला लागली... पण मूठ सुटली नाही.

"थंड आसा," ते म्हणाले. बेअरिंग बाकावर ठेवलं. "मुकाट्यान बसव आणि गाडी दे. डॉक्टरचो माणूस दोनदा येवन गेलो."

माझ्यापाशी एकच वाट होती. एका बेकरीची अगदी तशीच गाडी शेडमध्ये होती, तिच्यासाठी आणलेलं नवं बेअरिंग कपाटात होतं. मिस्त्री जेवायला गेल्यावर मी ते व्हॅनमध्ये घातलं आणि व्हॅन देऊन टाकली. पेशंट नेणारी गाडी... मला दुसरं काही सुचलं नाही.

ते परत आले तर जुनं बेअरिंग बाकावर. त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. डाव्या हाताने. उजवी मूठ अजून मिटलेलीच होती.

"आता बघ," म्हणाले, आणि स्वतः ते बेअरिंग चिंधीत धरून बेकरीच्या गाडीत बसवलं. कोणाला सोबत घेतलं नाही. गाडी काढून भांडुपच्या दिशेने गेले.

तासाभराने आले. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. इंजिन बंद केलं, पण मिस्त्री खाली उतरेनात. स्टिअरिंग धरून समोर बघत बसले. गणपत म्हणून आमचा एक वेल्डर होता, त्याने दोनदा हाक मारली तेव्हा उतरले. मागच्या चाकाशी गेले, आणि खाली बसण्याआधी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. गॅरेजात. मी अशी गोष्ट आधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

बेअरिंग काढलं, गोणपाटात गुंडाळलं आणि अनवाणीच मिठागरांच्या बाजूला चालत गेले. परतले ते रिकाम्या हाताने.

मी विचारलं, "मिस्त्री, काय झालं रस्त्यात?"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. रागाची नजर मला त्यांची ओळखीची होती. ही ती नव्हती.

"ह्येका आज काढा," ते मालकांना म्हणाले. "ह्यो हय नको."

मालकांनी कारण विचारलं नाही. संध्याकाळी मी घाटकोपरला चाळीत परत, नोकरी गेलेली.

व्हॅन पुढे नीट चालली. बेकरीची गाडीही, तिला दुसरं नवं बेअरिंग आणून घातलं. कुठे अपघात नाही, कोणी मेलं नाही. म्हणूनच लोकांना सांगितलं की ते विचारतात, मग त्यात झालं काय?

वर्षभराने गणपत घाटकोपरच्या बाजारात भेटला. म्हणाला, "तू गेल्यापासून मिस्त्रींचं डोकं फिरलंय रे. कुठलीही गाडी येऊ दे, सील गेलं की बेअरिंग नवंच. गिऱ्हाईक भांडतात, मालक बोलतात, ऐकत नाहीत. जुनं काढतात ते लोहाराच्या सांडशीने. हात लावत नाहीत त्याला."

मी विचारलं, "गरम असतं?"

"नाही ना," गणपत म्हणाला. "मी लावतो की हात. सगळी थंड असतात."

त्या तासाभरात भांडुपच्या रस्त्यावर काय झालं, ते मिस्त्रींनी कोणालाही सांगितलं नाही. मला ते आजही माहीत नाही.