बोगनवेलीला दिलेला ताण

अकोल्यातल्या गच्चीवाल्यांनो, आज माझी बोगनवेल मरता मरता वाचली.

तिला फुलं येईनात, म्हणून शेंदूरजनाघाटला सासऱ्यांना फोन केला होता. त्यांची संत्र्याची बाग आहे. म्हणाले, "पानी तोड. ताण देल्याबिगर बहार येत नाही."

पंधरा दिवस मी पाणी तोडलं. आज ते आले, आम्ही गच्चीवर गेलो, तर पानं वाळून कुरकुरीत झालेली.

त्यांनी नखानं फांदी खरवडली. आत हिरवं निघालं.

"टाक पानी लवकर."

"बाबा, ताण द्यायला तुम्हीच सांगितलं होतं."

"ताण दे म्हनलं, टाकून दे नाही म्हनलं. ताण देनाऱ्याले रोज झाडापाशी बसा लागते."

खाली लेक बारावीचा अभ्यास करत होती. तिच्यापाशी मी शेवटची कधी बसले, आठवेना. तुम्हाला तुमचं आठवतं का?