बोरीच्या गाठीची वाटी

नेकनूरच्या बाजारपेठेच्या खालच्या अंगाला म्हाळू कातारी राहायचा. पाळण्याचे खुंट, बाजेचे खूर, लाटणी, भोवरे, गोल म्हणून जे जे लाकडाचं असेल ते त्याच्याकडं व्हायचं. दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड अडकवायचं, त्याला दोरीचे वेढे द्यायचे. बायको बायडाबाई दोरी पुढं-मागं ओढायची, लाकूड गरगर फिरायचं, आणि म्हाळू समोर बसून हत्यार टेकवत त्याला आकार द्यायचा. शेवटी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी धरली की झालं काम. दोघांचा हात असा बसला होता, की ‘थांब’ म्हणायच्या आधीच बायडाबाई थांबलेली असायची.

म्हाळूला शौक एकच, चिलमीचा. पण तो शौक त्याला सुखाचा नव्हता. मातीची चिलीम तापायची, बोटं भाजायची, घशाशी कडू पाणी यायचं. तो खोकायला लागला की बायडाबाई म्हणायची, “असं भाजून घ्यायचंय तर वढता कावून?”

“सुटत न्हाई गं,” एवढंच तो म्हणायचा.

दुसरी मोठी लढाई, जर्मनीची, सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. निजाम सरकारनं नेकनूरच्या रस्त्यावर एका ओढ्यावर पूल बांधायला घेतला होता. कामावरचे साहेब हशमतअली मुसाफिर बंगल्यात उतरले होते. एका सकाळी त्यांचा शिपाई रामहरी म्हाळूच्या दारात येऊन उभा राहिला.

“म्हाळू, चल. साहेबानं बलावलंय.”

त्या काळी सरकारी शिपाई दारात आला की कारागिराला वेठबिगारीची धास्ती वाटायची. फुकटच्या कामाला कोण, किती दिवस, कुठं नेईल याचा भरवसा नसायचा. बायडाबाईनं हातातली दोरी तशीच धरून ठेवली. म्हाळूनं मुंडासं बांधलं आणि निघाला.

हशमतअली साहेब ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी पुढं केलेली वस्तू म्हाळूनं आजवर पाहिली नव्हती. वीतभर लांबीची पांढऱ्या धातूची दांडी, फुलासारखी हलकी. एका टोकाला ओठात धरायची काळी नळी. दुसऱ्या टोकाला धातूचंच छोटं खोलगट बोंडूक, त्याला आतून आटे पाडलेले. त्या आट्यांत बसणारी लाकडी वाटी साहेबांच्या दुसऱ्या हातात होती. तिचं बूड जळून त्यातलं धुराचं बारीक भोक फाटून मोठं झालं होतं.

“विलायती पाइप आहे,” साहेब मोडक्या मराठीत म्हणाले. “वाटी फिरवून काढायची, दुसरी लावायची. दोन होत्या. एक प्रवासात फुटली, एक अशी जळाली. हैदराबादहून यायला दोन महिने लागतील. आठ दिवस झाले, मला चैन नाही. तू करशील?”

म्हाळूनं जळकी वाटी नखानं खरवडली. वास घेतला. कसलं लाकूड ते कळेना, पण सरळ रेघांचं नाही, मुळाच्या गाठीसारखं होतं. आटे मात्र झिजून, जळून सपाट झालेले.

“बघतो साहेब,” तो म्हणाला. “पर दांडी माझ्यापाशी ठिवावी लागंल.”

साहेबांनी क्षणभर दांडीकडं पाहिलं, मग ती दिली. म्हाळूनं ती उपरण्यात गुंडाळली आणि घरापर्यंत छातीशी धरून आणली.

खरी मेख आट्यांची होती. त्याच्या दोरीवर लाकूड एकदा सुलट फिरायचं, एकदा उलट. त्यावर आटे पडायचे कसे? ते हातानंच कोरायला लागणार होते, आणि कोरायचे तर आतली खोबण नीट दिसायला हवी. त्याला लाख सुचली. लाख मऊ करून, काडीच्या टोकावर घेऊन त्यानं ती बोंडकात दाबली. निवली की फिरवून काढायची, आट्यांचा ठसा आपोआप मिळेल.

लाख निवली. काढायला गेला, तर काडी मोडून हातात आली.

मग त्याच्या ध्यानात आलं. आधी आतून तेलाचं बोट फिरवायचं राहून गेलं होतं. लाख आट्यांत घट्ट बसली होती. त्यानं सुईनं उकरून पाहिलं, दाभणानं पाहिलं. लाख हलेना.

“साहेबाची चीज खराब केली गं मी,” तो म्हणाला. “आता इस्तवावर धरतो, दुसरं काय.”

“इस्तवावर नगा,” बायडाबाई म्हणाली. “ती काळी नळी वितळली तर काय तोंड दाखवताल? काढा ती आधी. आन् बोंडूक कढत पाण्यात धरा. माझ्या बांगडीला लाख चिकटली व्हती, तवा तशीच सुटली व्हती.”

काळी नळी ओढल्यावर अलगद निघाली. तिनं चुलीवरचं पाणी वाडग्यात ओतलं, म्हाळूनं बोंडूक त्यात धरलं आणि नव्या काडीचं टोक मऊ होत चाललेल्या लाखेत रोवलं. पाण्यातून काढून लाख घट्ट होईपर्यंतच थांबला, पुरती निवू दिली नाही. मग श्वास रोखून हळूहळू फिरवलं. लाख एकसंध निघून आली. वर आट्यांच्या रेघा अशा स्वच्छ, की मोजून घ्याव्यात. म्हाळू भिंतीला टेकून बसला आणि कितीतरी वेळानं हसला. बायडाबाईनं उरलेल्या पाण्यात भांडी घासायला घेतली.

पहिली वाटी बाभळीची केली. तंबाखू भरून नुसता निखारा ठेवला, तर उग्र दर्प सुटला. दुसरी चिंचेची. ती तापल्याबरोबर तडकली. तिसऱ्या दिवशी त्यानं पाण्याच्या रांजणाला अडण म्हणून लावलेलं बोरीच्या मुळाचं लाकूड ओढून काढलं. चार वर्षांचं वाळलेलं, सगळी गाठच गाठ. हत्यार त्यावर घसरत होतं. बायडाबाईचे हात भरून आले तरी तिनं दोरी सोडली नाही. संध्याकाळपर्यंत मूठभर, तांबूस, रेषारेषांची वाटी तयार झाली. तिला लाख चालणार नव्हती, तापून ओघळली असती. म्हाळूनं करडईचं तेल चोळलं, बुडाला धुरापुरतं भोक पाडलं आणि सकाळी बसून लाखेच्या ठशावर बघून कानसीनं आटे कोरले. वाटी तीन वेढ्यांत बोंडकात बसली.

पण ओढून पाहिल्याशिवाय द्यायची कशी? साहेबांच्या नळीला तोंड लावणं म्हणजे ती उष्टी करणं. त्यानं पोकळ बोरूचा तुकडा कापला आणि काळ्या नळीच्या जागी खोचला. वाटीत तंबाखू भरून वर निखारा ठेवला.

पहिल्याच झुरक्याला तो चकित झाला. धूर गार होता. सगळी ऊब, सगळा ओलावा त्या धातूच्या दांडीनं पिऊन टाकला होता. जिभेवर कडू पाणी आलं नाही. मागाहून तंबाखूची गोडी आली, जी त्याला इतक्या वर्षांत कधी लागलीच नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि सावकाश दुसरा झुरका घेतला.

“काय बे म्हाळू!” दारातून रामहरीचा आवाज आला. “साहेबाची चिलीम वढायलास?”

म्हाळूच्या तोंडातला धूर तोंडातच राहिला. रामहरीनं त्याला तसाच बंगल्यावर नेला आणि पाहिलेलं साहेबांपुढं सांगून टाकलं. म्हाळूनं बोरू लावलेला पाइप आणि काळी नळी पुढं धरली.

“तू ओढलास?” साहेबांनी विचारलं.

“वढला साहेब. खोटं न्हाई सांगत. पर तुमच्या नळीला तोंड लावलं न्हाई. ह्यो बोरू लावला व्हता. वाटी जळती का, तडकती का, बघायला पायजे व्हतं.” मग लाख चिकटली होती, तेही त्यानं सांगितलं.

साहेबांनी बोरूचा तुकडा बोटांत फिरवून पाहिला. “मग? कसा होता?”

म्हाळूला खोटं सुचलं नाही. “साहेब, सावलीत बसल्यावानी वाटलं.”

साहेबांनी काळी नळी लावली, आपल्या डब्यातला तंबाखू भरला, काडी ओढली. एक झुरका, दुसरा, तिसरा. म्हाळू उभाच. साहेबांनी वाटी संपेपर्यंत पाइप तोंडातून काढला नाही. मग खुर्चीत मागं रेलून मोठा नि:श्वास सोडला.

“रामहरी, याला बसायला दे,” ते म्हणाले. “म्हाळू, विलायतीहून बरी आहे ही. अजून चार कर. सकाळची वेगळी, जेवणानंतरची वेगळी. एक इतकी छोटी, की पुलावर जाता जाता संपावी.”

म्हाळू मटकन खाली बसला. हसावं की रडावं ते त्याला कळेना. रामहरीनं पाण्याचा तांब्या आणून दिला, तो त्यानं एका दमात रिता केला.

पूल झाला, साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी हैदराबादहून मागवलेली एक दांडी म्हाळूला देऊन टाकली. तिच्यासाठी म्हाळूनं स्वतःच्या वाट्या केल्या. एक खोल, सुट्टीच्या दिवसाची. एक उथळ, दोन झुरक्यांची. तापली की एक काढून दुसरी लावायची. खोकला काही गेला नाही, पण ओढण्यात घाई उरली नाही. बीडच्या एका कासारानं ती दांडी पाहून पितळेच्या दांड्या करून दिल्या. त्या आणि वाट्या घेऊन म्हाळू-बायडाबाई नारायणगडच्या जत्रेत बसले. म्हातारी माणसं वाट्या हातात घेऊन, फिरवून, काढून, पुन्हा लावून बघायची आणि लहान पोरांसारखी खूश व्हायची. दुपारपर्यंत फडकं रिकामं झालं.

परतीच्या वाटेवर एका लिंबाखाली गाडीचे बैल सोडले. म्हाळूनं पाइप भरला, दोन झुरके घेतले. बायडाबाई बघत होती.

“लई ग्वाड लागतंय म्हणता,” ती म्हणाली. “द्या बघू इकडं.”

त्यानं वाटी बदलली, नवी कोरी लावून दिली. तिनं एक झुरका घेतला, नाकातून धूर सोडला, आणि पाइप काही परत दिला नाही.