पाद्रीबाबांची धाकटी

आमच्या घरमालकीणबाई त्या चर्चची पायरी का चढत नाहीत, हे आधी कळलं असतं तर मी तोंड आवरलं असतं. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, श्रूजबरीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, आणि आमच्या मंडळाचा गणपती त्या मेथॉडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. मी त्यांना बोलावलं. त्या नको म्हणाल्या. आता पहिल्या ‘नको’ला आपल्याकडे कोण विचारतं? त्यातून मी नागपूरची. “तुम्ही आला नाहीत तर मी मोदकाला हात लावणार नाही,” असं बजावलं. बिचाऱ्यांना ते खरंच वाटलं. कोट चढवून निमूट गाडीत बसल्या.

“अगं, त्या नो म्हणाल्या ना? फोर्स कशाला करतेस?” नवरा कुजबुजला.

“लाजतायत त्या,” मी म्हटलं.

चर्चच्या दारात मात्र त्यांचं पाऊल अडलं. तिथेच हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या लहानपणी, अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात, त्यांचे वडील इथे पाद्री होते. दारूविरुद्ध असं बोलायचे, की पिणारे रडत पुढे येऊन शपथ घ्यायचे. आणि त्याच माणसाने जमिनी घेऊन देतो म्हणून लोकांची पुंजी गोळा केली, गिळली आणि तो तुरुंगात गेला. तेव्हापासून त्या इथे फिरकल्या नव्हत्या.

“कोणी ओळखलं तर?” त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चला, घरी जाऊ,” मी म्हटलं.

तेवढ्यात हॉलच्या किल्ल्या सांभाळणारी चर्चची म्हातारी बाहेर आली आणि बाईंकडे बघतच राहिली.

“तू पाद्रीबाबांची धाकटी ना?”

बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

“आमचेही पैसे बुडाले,” म्हातारी म्हणाली. “आई मरेपर्यंत त्यांना शिव्या घालायची. आणि रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थनाही करायची. त्यांच्यापुढे शपथ घेतली तेव्हापासून माझे वडील संध्याकाळी शुद्धीवर घरी यायला लागले होते. ये, आत ये. बाहेर काय उभी राहिलीस?”

बाई आत गेल्या. आरतीत माझं लक्ष कसलं लागतंय! त्या दोघी कोपऱ्यात शेजारी बसून मोदक खात होत्या. इतकं हायसं मला माझ्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

परतताना घर आलं तरी बाई गाडीतून उतरेनात. वडील दाढी करताना भजनं किती बेसूर म्हणायचे, ते त्यांना सांगायचं होतं. नवऱ्याने इंजिन बंद केलं.