शेंदूर लावलेले सांधे

चिंतामणराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शरयूचे, यजमान. सांगलीत ओव्हरसियर होते. त्यांच्याइतका हुशार माणूस आमच्या नात्यागोत्यात दुसरा नव्हता, आणि स्वतःच्या हुशारीवर इतका खूश असलेलाही दुसरा नव्हता. जेवायला बसले तरी नजर आढ्याकडे. "या छपराचं वजन कुठून कुठं जातं, सांगा पाहू," असं पाहुण्याला विचारायचे. पाहुणा बिचारा आमटीची वाट बघत असायचा.

लोखंडी काम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लाकडी तुळईला ते अडाणी म्हणायचे. तुळईवर कुठंही ओझं टाका, ती मुकाट्यानं सोसते. पण त्यासाठी ती जाडजूड लागते. लोखंडी कैचीत, म्हणजे छपराखालच्या पट्ट्यांच्या त्रिकोणी सांगाड्यात, मात्र प्रत्येक पट्टीला तिचं काम नेमून दिलेलं असतं. "आधी वजनं शोधायची," ते सांगायचे, "मग त्यांचा जमिनीपर्यंतचा रस्ता. त्या रस्त्यावर कुठली पट्टी ताणली जाते नि कुठली दाबली जाते ते काढायचं. ताणली जाणारी बारीक चालते. दाबली जाणारी लांब नि बारीक असली तर वाकते, म्हणून तिला अंग द्यायचं. आणि ओझं द्यायचं ते फक्त सांध्यावर. दोन सांध्यांच्या मधे कध्धी नाही." मी शाळामास्तर. ऐकून ऐकून मला हे पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

लढाई ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडच्या एका हळदपेठेला (नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत) सौद्यासाठी मोठी शेड हवी होती. गाड्या आत घ्यायच्या, म्हणून मधे खांब नकोत. लोखंड परवान्याशिवाय मिळत नव्हतं आणि परवान्यावरही पुरेसं मिळत नव्हतं. मिळालेल्या जुन्या अँगलांतून चिंतामणरावांनी कैच्या बसवल्या. कुठं तसूभर लोखंड वाया नाही. कैचीची खालची आडवी पट्टी तर इतकी बारीक ठेवली की पेठेचे पुढारी नानासो ती बघून हबकलेच.

"आवं सायेब, ही पट्टी हाय का काडी? धरंल का न्हाई?"

चिंतामणरावांना असा प्रश्न म्हणजे मेजवानी. हमाल भोवती उभेच होते. त्यांतल्या गुंडा नावाच्या एकाला त्यांनी फेटा मागितला. गुंडा उंचापुरा, हसरा गडी. त्यानं लगेच डोक्यावरचा फेटा सोडून दिला. एक टोक गुंडाकडं, एक मुकादम जोतीरामकडं. "ओढा!" दोघांनी टाचा रोवून ओढला. फेटा ताठ झाला, फाटला नाही.

"बघा नानासो. हा ताण. खालच्या पट्टीचं काम एवढंच. छपराचे दोन्ही पाय बाहेर फाकू पाहतात, त्यांना ती धरून ठेवते. त्याला जाडी कशाला हवी?"

सगळे खूश झाले. गुंडा तर फेटा परत बांधताना कौतुकानं वर बघत होता. ताठ धरलेल्या त्या फेट्याच्या मधोमध कुणी लोंबकळला असता तर काय झालं असतं, ते मात्र चिंतामणरावांनी दाखवलं नाही. जिंकणारा तेवढा अर्धाच खेळ त्यांनी दाखवला. या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

आता काट्याचं. हळदीची पोती तोलायला मोठे काटे छपरालाच टांगायची पेठेची पद्धत. चिंतामणरावांना ते ठाऊक होतं. काटा नुसतं पोतं धरत नाही, दुसऱ्या पारड्यातली वजनंही धरतो, म्हणजे दुप्पट ओझं, हेही त्यांनी हिशेबात घेतलं होतं. तेवढं ओझं सांध्यावर आलं तर कैचीला काही होत नव्हतं. म्हणून कुठं टांगायचं त्याची खूण करायची ठरली. कैच्यांना डांबर फासलेलं होतं. गंज धरू नये म्हणून लोखंडाला तेलात कालवलेला शेंदूर लावतात, तो उरलेला एका डब्यात होता. काळ्यावर तांबडं उठून दिसतं. शिडीवर चढून त्यांनी स्वतः खालच्या प्रत्येक सांध्याला शेंदराचा ठसठशीत गोळा फासला आणि खाली येऊन नानासोंना सांगितलं, "जिथं शेंदूर, तिथंच काटा. हमालांना बजावून ठेवा."

"सांगतो की," नानासो म्हणाले आणि शेड उघडायला येणाऱ्या मामलेदारांच्या स्वागताच्या तयारीला लागले. हमाल दहा पावलांवर बसले होते. चिंतामणरावांनी मान वळवली असती तरी पुरे होतं.

शेड उघडली त्या दिवशी मी होतो. गुरवानं वर पाहिलं, शेंदूर दिसला, त्यानं हात जोडले. मग कुणीतरी शिडी आणली, सांध्यांना हार चढले. प्रत्येक कैचीखाली नारळ फुटला. चिंतामणराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, "माझ्या सांध्यांची पूजा चाललीय, मास्तर!" घरी आल्यावर शरयूला हे त्यांनी तीनदा सांगितलं. इतका हुशार माणूस, पण लोक हार कशाला घालताहेत हा साधा प्रश्न त्याला पडला नाही.

पुढं त्यांना रस्त्याच्या कामावर आटपाडीकडं धाडलं. पेठेत हळदीचा हंगाम सुरू झाला. आवक दांडगी होती, आणखी मोठे काटे आले. चैत्रातल्या एका भर दुपारी, सौदा चाललेला असताना, मधल्या कैचीची खालची पट्टी वाकून बोल्टाच्या भोकापाशी फाटली. पट्टी तुटल्याबरोबर छपराचे पाय फाकले आणि पत्रे, अँगल सगळं खाली आलं. बाकीचे निसटले. काट्यापाशी गुंडा होता.

चौकशी झाली. मोठे साहेब आले, त्यांनी हिशेब तपासले, मोडकी पट्टी पाहिली. काटे सांध्यांवर नव्हते, दोन सांध्यांच्या बरोबर मधे होते. आखणीत दोष नाही, असा निकाल लागला. नानासोंना कुणी काही विचारलं नाही. चिंतामणराव घरी आले आणि शरयूला म्हणाले, "सुटलो. शिरा कर." शरयूनं कढई खाली आपटली. "तुमच्या छपराखाली माणूस मेलंय," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पेठेत मात्र निकाल वेगळा लागला होता: वरशेरानं (ओव्हरसियरला तिथं असंच म्हणत) काडीसारखं लोखंड घातलं आणि माणूस मारला. हे त्यांना सोसेना. निदान गुंडाच्या घरच्यांना तरी खरं कळलं पाहिजे, असं त्यांनी मनात घेतलं आणि मला बरोबर ओढून नेलं. मी म्हटलं होतं, जाऊ नका. पण ऐकतील तर ते चिंतामणराव कसले.

गुंडाची बायको बनुबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. चिंतामणराव सांगू लागले. पट्टी, ताण, सांधा. "बाई, मी खूण केली होती. शेंदूर लावला होता. तिथं काटा टांगला असता तर तुझा नवरा आज जिवंत असता."

बनुबाई उंबऱ्यातून पुढं सरकली.

"शेंदरावर?" ती म्हणाली. "शेंदूर लावला की त्यो द्येव झाला, सायेब. द्येवाच्या गळ्यात काटा अडकवायचा व्हय?"

चिंतामणरावांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"ह्यांनीच समद्यांस्नी बजावलं हुतं, द्येवाला धक्का लावायचा न्हाई. दोरी घिऊन वर चडलं, आन् ह्या शेंदरापास्नं त्या शेंदरापतुर मोजून बराबर मधी साकळी बांदली. दोनी द्येवांपास्नं सारकी लांब."

कैचीतली सगळ्यांत वाईट जागा गुंडानं दोरीनं मोजून, पायांतली पायताणं काढून शोधली होती.

पुढं चिंतामणरावांनी पुष्कळ शेडी उभारल्या. प्रत्येक सांध्याला लोखंडी आकडा पक्का बसवला आणि काटा टांगायला आधी हमालांनाच वर चढवलं. वीतभर लोखंडाचा आकडा. परवान्यातून तेवढं लोखंड पहिल्या शेडीलाही निघालं असतं. पाहुण्यांना छपराचं वजन विचारणं त्यांनी सोडलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ते घोंगड्यावर मान खाली घालून बसले होते आणि मी उठायचं निमित्त शोधत होतो.

"नानासोंना मी सांगितलं होतं," ते पुटपुटले.

"त्यास्नी सांगितलं," बनुबाई म्हणाली. "ह्यांस्नी का न्हाई सांगितलं? तुमी म्हणाल त्ये ऐकलं आसतं त्यांनी. फेटा मागितलासा, तवा डोस्क्यावरचा सोडून दिला हुता की."